हात पाठीमागे

परवानगीच्या अर्जात घरून काम करण्याचं कारण एका ओळीत लिहायचं होतं. मी लिहिलं, काम जास्त चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली होती आणि पुढे विचारलं होतं, कारण काय?

मी तीच ओळ पुन्हा लिहून अर्ज परत दिला.

ही चेन्नईच्या पेरुंगुडीतली गोष्ट. वेलचेरीपर्यंत लोकल येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ज्या कंपनीत मी होतो, तिथे परदेशी कंपन्यांचे वार्षिक अहवाल तपासले जात. अहवाल तिकडे लिहिले जायचे. आम्ही त्यांचं इंग्रजी नीट करायचो, आकड्यांची बेरीज जुळवायचो, मजकुरात एक आणि तक्त्यात दुसरंच असं काही नाही ना ते बघायचो. मजल्यावरचे बहुतेक जण तिशीच्या आतले, तमिळ आणि कामाला चपळ होते. मी चाळिशीतला, मराठी, पुण्यातल्या दोन दैनिकांत पानं लावून आलेला. बायकोची बँकेत बदली चेन्नईला झाली म्हणून मी इथे आलो होतो. तिची शाखा एन्नोरकडे होती. ती सकाळी वेलचेरीहून निघायची, बीच स्टेशनवर गाडी बदलायची आणि संध्याकाळी केसांत वीजकेंद्राची राख घेऊन परत यायची.

कंपनीत घरून काम करणारे मोजके होते. प्रत्येकाकडे कारण होतं आणि ते सगळ्या मजल्याला माहीत होतं. एकीला सातवा महिना होता. एकाच्या पायात अपघातानंतर सळी घातली होती. एकाच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं. कारण जितकं वाईट, तितकी परवानगी लवकर मिळायची. बाळ झालं, पाय बरा झाला, वडील गेले, की परवानगीही जायची. घर ही कामाची जागा आहे असं कोणी मानत नव्हतं. ती आजाऱ्याला दिलेली सवलत होती.

मला आजार नव्हता. विभागप्रमुखांची खरी अडचण तीच होती. ते माझ्यापेक्षा वयाने लहान, मनाने सरळ. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, त्यात 'सर'चं 'सार' तेवढं तमिळ.

"सार, काहीतरी लिहा ना," ते म्हणाले. "पाठदुखी लिहा. सगळ्यांनाच असते."

"मला नाही."

"नशीबवान आहात. मग मान?"

"मानही बरी आहे."

त्यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "ठीक आहे. तीन महिने प्रयोग म्हणून करू. पण तुमच्या मशीनवर नजर ठेवणारं ते सॉफ्टवेअर बसेल. चालेल?"

मी चालेल म्हणालो. ते सॉफ्टवेअर काय मोजतं हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

मला घरी का काम करायचं होतं, ते सांगण्यासाठी पुण्याला जावं लागेल. मी ज्या पहिल्या दैनिकात लागलो, तिथे पहिलं पान छपाईला सोडण्याआधी त्याचं मोठं प्रूफ भिंतीवरच्या फळ्याला टाचलं जाई. उपसंपादकाने त्याच्यासमोर उभं राहायचं, दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे आणि पान डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत वाचायचं. हातात पेन्सिल नाही, खिशाला पेन नाही. काही खटकलं तरी हात पुढे आणायचा नाही. लक्षात ठेवायचं आणि पुढे जायचं. पान संपल्यावर पेन्सिल मिळायची. ती वृत्तसंपादकांच्या टेबलावर असे आणि ते ती स्वतः हातात देत.

नव्या लोकांना हा छळ वाटायचा. मीही त्याला हसलो होतो. वृत्तसंपादकांनी त्यामागचा विचार एकदाच सांगितला, तोही पानावरची नजर न काढता. हातात पेन्सिल असली की डोळा दुरुस्ती शोधतो. दुरुस्ती सापडली की माणूस खूश होतो आणि पुढच्या दोन ओळी त्याच खुशीत वाचून काढतो. मोठी चूक नेमकी त्या दोन ओळींत बसलेली असते. आमच्याकडे एका हयात पुढाऱ्याच्या नावाआधी 'कै.' छापून गेलं होतं. त्याच मथळ्यातली एक वेलांटी कोणीतरी काळजीपूर्वक सुधारलेली होती.

पुढे इंग्रजी दैनिकात गेलो तेव्हा तिथे फळा नव्हता. मी कपाटाच्या दाराला प्रूफ चिकटवून वाचत असे. पेरुंगुडीला कपाटही नव्हतं. छातीएवढ्या भिंतींचे खण होते, कागद वाचवा असं सांगणारी पाटी प्रिंटरच्या वर होती आणि पडद्यावर एका वेळी अर्धं पान दिसायचं. तरीही मी पानं छापून खणाच्या भिंतीला लावली, खुर्ची मागे सारली आणि उभा राहिलो. शेजारच्या मुलाने विचारलं, "सार, काही हरवलं का?" थोड्या वेळाने पलीकडची मुलगी आली आणि हळूच म्हणाली, "सार, कोणी रागावलं का तुम्हाला?" तिला वाटलं मी शिक्षा म्हणून उभा आहे. वरच्या मजल्यावरचे एक साहेब जाता जाता मला सुरक्षारक्षक समजून लिफ्टबद्दल विचारून गेले. आठवडाभर अशी चौकशी झाल्यावर मी बसून, पडद्यावर, हात कळफलकावर ठेवून काम करू लागलो. इतरांसारखं. माझ्या दुरुस्त्यांची संख्या वाढली. आणि एका अहवालात तक्त्याच्या मथळ्यात दशलक्षाच्या जागी अब्ज तसंच निघून गेलं. त्याच मथळ्यातला जोडरेषेचा घोळ मी मिटवलेला होता. मला तो 'कै.' आठवला. त्याच आठवड्यात मी अर्ज केला.

वेलचेरीचा आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. खालचा मजला पुढून गाड्यांसाठी मोकळा सोडलेला. त्याच्या खांबांवर आधीच्या एका पुराची रेघ अजून दिसायची. मागच्या खोलीत मी कपडे वाळत घालायची दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधली आणि अहवालाची पानं चिमट्यांनी तिला ओळीने लावली. मग हात पाठीमागे घेऊन दोरीच्या कडेने चालत वाचायचं. शेवटच्या पानापर्यंत पोचलो की टेबलाशी बसायचं, पेन्सिल घ्यायची, मग संगणकावर दुरुस्त्या करायच्या. दुपारी तासभर वीज जायची. तो तास वाचनाला सगळ्यात चांगला, कारण त्या वेळी दुसरं काहीच करता येत नसे. खिडकीजवळ भरपूर उजेड असायचा.

पहिल्याच महिन्यात या दोरीवर एक गोष्ट सापडली. एका कंपनीच्या अध्यक्षांनी भागधारकांना लिहिलेल्या निवेदनात एका कारखान्याची भरभराट सांगितली होती. निवेदन अहवालाच्या सुरुवातीला होतं. मागे, टिपांच्या बारीक अक्षरात, तोच कारखाना बंद करून विकल्याचं लिहिलं होतं. दोन्ही पानांत एकही चूक नव्हती. स्पेलिंग बरोबर, आकडे बरोबर, स्वल्पविराम जागच्या जागी. पडद्यावर ती दोन पानं एकमेकांना कधीच भेटली नसती. दोरीवर ती एकाच ओळीत होती, एक या टोकाला आणि दुसरं त्या. तिकडच्या कंपनीने दोन ओळींत आभार मानले आणि निवेदन बदललं. विभागप्रमुखांनी ते पत्र मला पुढे पाठवलं, सोबत एक हसरा चेहरा.

घरून काम करण्यात तोटा नव्हता असं नाही. ऑफिसात मुलं माझ्या खणाशी येऊन शंका विचारायची. घरी कोणी येत नसे. मीही त्यांच्याकडून काही शिकत नव्हतो. जेवताना मजल्यावर कोणती कंपनी रागावली, कोणाचं लग्न ठरलं हे कळायचं, ते कळेनासं झालं. हे सगळं मला मान्य होतं. पण माझं काम वाचायचं होतं आणि वाचन सुधारलं होतं. प्रश्न तेवढाच होता.

आमचे घरमालक तळमजल्याच्या मागच्या बाजूला राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. आमच्याशी ते त्यांच्या मराठीत बोलायचे. त्यातले निम्मे शब्द तमिळ आणि सूर पूर्ण तमिळ. मी दिवसा घरी दिसू लागल्यावर त्यांना काळजी वाटली असावी. जिन्यात गाठून त्यांनी विचारलं, "आज पण आफीस नाहीं?"

"घरूनच काम करतो आता."

"घरीं बसून कोण्तें वेलै?" वेलै म्हणजे काम. "संबळम देतात का?"

"पगार देतात."

त्यांनी जिन्यात वरखाली पाहिलं. "मग कोणासही सांगूं नका," ते म्हणाले आणि खाली गेले.

दुसऱ्या महिन्यात आई साताऱ्याहून आली. तिकडची थंडी सोसत नाही म्हणून ती दरवर्षी आमच्याकडे यायची. आल्यावर चार दिवसांत ती न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि पोटरीचं हाड मोडलं. पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. तिची खाट मागच्या खोलीत घातली, कारण त्या खोलीला वारा होता. खाटेवरून तिला दोरी आणि मी दोन्ही दिसायचे. सकाळी मदतीला एक बाई यायच्या, दुपारचं मी बघायचो. चहा, औषध, उशी सरकवणं. ऑफिसात लिफ्टची वाट बघण्यात आणि कॉफीच्या रांगेत जेवढा वेळ जायचा, त्यापेक्षा हा जास्त नव्हता.

आईला माझ्या फेऱ्यांचं कुतूहल होतं. "किती वेळा तेच वाचतोस रे?" ती विचारायची. मी उत्तर द्यायचो नाही, कारण वाचन चालू असताना बोलायचं नाही हाही त्याच वृत्तसंपादकांचा नियम. दोन दिवसांनी तिने विचारणं सोडलं आणि मी शेवटच्या पानापाशी पोचलो की स्वतःच म्हणू लागली, "घे आता पेन्सिल."

त्याच सुमारास विभागप्रमुखांचा फोन आला.

"सार, एक छोटी गोष्ट आहे. तुमचा आलेख बघितला. दिवसाचा जवळपास निम्मा वेळ तुम्ही निष्क्रिय आहात."

सॉफ्टवेअर काय मोजतं ते मला त्या दिवशी कळलं. पाच मिनिटं कळ दाबली गेली नाही आणि माऊसही हलला नाही, की ते माणसाला निष्क्रिय धरायचं. वीज गेली की गैरहजर. हात पाठीमागे होते तो माझा सगळा वेळ त्यात लाल रंगाने आला होता. अध्यक्षांचा कारखाना सापडला ती दुपार तर सलग लाल होती.

मी त्यांना फळा, पेन्सिल आणि दोरी समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तेवढ्यात आईने खाटेवरून हाक मारली, तिला पाणी हवं होतं.

"कोण आहे, सार?"

"आई. पाय मोडलाय तिचा."

"सार!" ते म्हणाले. "हे आधी का नाही सांगितलं? हेच लिहा ना. वैद्यकीय कारण असलं की निष्क्रिय वेळ माफ होतो. मी आजच सही करतो. डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी जोडा."

त्यांच्या आवाजात खरा आनंद होता. माझ्या आईचा पाय मोडल्याचा इतका आनंद दुसऱ्या कोणाला झाला नसेल. त्यांना माझं भलं करायचं होतं आणि त्यासाठी अखेर एक रीतसर दुःख हाताला लागलं होतं.

मी म्हणालो, मी तिच्यामुळे घरी नाही. ती यायच्या आधीपासून घरी आहे.

"तारीख कोण बघतंय, सार?"

संध्याकाळी बायको आल्यावर मी तिला हे सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं, असं तिचा चेहरा बघून वाटलं.

"मग लिहून टाक," ती म्हणाली.

"खरं नाही ते."

"काय खरं नाही? आई खोटी आहे? प्लास्टर खोटं आहे?"

"कारण खोटं आहे."

"अरे, लोक पाठदुखी लिहितात. तुझ्याकडे खरोखरचं हाड मोडलंय, एक्स-रे आहे, आणि तू तत्त्व सांगतोस. उद्या तुला परत बोलावलं तर यांना कोण बघणार? मी एन्नोरहून धावत येऊ?"

तिचं बोलणं बरोबर होतं, तरी मी म्हणालो, आई बरी झाली की कारण संपेल. मग मी ऑफिसात जायचं आणि पुन्हा दशलक्षाच्या जागी अब्ज सोडायचे. नाहीतर दर वर्षी घरात कोणीतरी आजारी पडायला हवं.

"तेव्हाचं तेव्हा बघू," ती म्हणाली.

आई खाटेवरून ऐकत होती. ती म्हणाली, "माझा पाय त्यांच्या कागदावर नको."

"आई, तुमच्यासाठीच बोलतेय मी."

"कळतंय गं. पण हा चालतो तो काही माझ्यासाठी नाही चालत. मी पडले नव्हते तेव्हाही चालत होता म्हणे. आता माझं नाव सांगून चालायला लागला तर मला इथे पडून राहायचं ओझं होईल." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तूही फार ताठू नकोस. तिची दमणूक बघ आधी."

त्या रात्री भांडी मी घासली. कागद कोणीच भरला नाही.

दुसऱ्या दिवशी घरून काम करणाऱ्या त्या गरोदर सहकारिणीचा फोन आला. तिच्या कानावर माझा आलेख गेला होता. तिने आवाज खाली आणून विचारलं, "सार, तुमच्याकडे हातातलं घड्याळ आहे का? काट्यांचं?"

"आहे."

"माऊस त्याच्यावर ठेवा. खालचा लाल दिवा बरोबर सेकंदकाट्यावर आला पाहिजे. काटा फिरतो, बाण हलतो. मी दुपारी दोन तास झोपते, सार. आलेख हिरवागार."

मी करून पाहिलं. बाण खरोखर हलत होता, अगदी थोडासा, पण नेमाने. आई खाटेवरून बघत होती.

"हे काय?"

"मी काम करतोय असं त्यांना दिसतं."

"मग पगार घड्याळालाच देऊ दे," ती म्हणाली.

मी माऊस उचलला आणि घड्याळ हातात बांधलं.

प्रयोगाचे तीन महिने संपत आले तेव्हा विभागप्रमुख स्वतः घरी आले. घरून काम करणाऱ्यांच्या जागेची पाहणी करायची, असा नवा नियम होता. खाली त्यांची घरमालकांशी गाठ पडली होती आणि वर आले ते हसत. "तुमचे मालक म्हणाले, माणूस फार चांगला आहे. दिवसभर खोलीत फेऱ्या मारतो, जेलरसारखा, पण भाडं वेळेवर देतो."

मागच्या खोलीत एक अहवाल दोरीवर लावलेला होता. त्यांनी बूट दाराशी काढले, पानांखालून वाकून पलीकडे गेले, आईला नमस्कार केला. तिने त्यांना बसायला सांग म्हणून मला खुणावलं. ते बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून माझ्या आलेखाचा छापलेला कागद काढला आणि मी तो त्यांच्या हातातून घेऊन एका चिमट्याने दोरीला लावला. शेजारी आधीच तिकडच्या कंपन्यांनी परत पाठवलेल्या चुकांच्या दोन याद्या लावून ठेवल्या होत्या, एक मी ऑफिसात असतानाची आणि एक घरी आल्यापासूनची.

"वाचा," मी म्हणालो.

ते हात पाठीमागे न घेता वाचू लागले. वाचायला फार नव्हतं. दुसरी यादी अर्ध्या पानाचीही नव्हती.

"सार, मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुमचं काम सगळ्यात स्वच्छ आहे. पण न झालेली चूक मी वर कशी दाखवू? ती कुठे दिसत नाही. हा लाल रंग दिसतो."

मी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि त्यावर माऊस ठेवला. पडद्यावरचा बाण हलू लागला. "उद्यापासून हिरवा दिसेल," मी म्हणालो. "माझं काम याच्याइतकंच आहे का?"

मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. त्यांनी वाकून बघितलं आणि माऊस केसभर डावीकडे सरकवला. बाण आणखी नेमाने हलू लागला.

"अर्ध्या मजल्याला माहीत आहे, सार. मलाही. वर हिरवा आलेख लागतो. तो कोणी काढला, ते वर विचारत नाहीत." त्यांनी आईच्या पायाकडे पाहिलं. "दोन रस्ते आहेत. घड्याळ ठेवा, नाहीतर आईंचं लिहा. दोन्हींत तुम्ही घरीच राहाल. मी तुम्हाला घरी ठेवायला बघतोय, एवढं तरी लक्षात घ्या."

ते मला दिसत होतं. माणूस भला होता आणि माझ्यासाठी दोन दारं उघडी धरून उभा होता. एका दारातून मी खोटारडा म्हणून जाणार होतो आणि दुसऱ्यातून गरजू म्हणून. चांगलं काम करणारा म्हणून जाण्याचं दार त्या इमारतीत नव्हतं.

"अर्जावरची ओळ तीच राहील," मी म्हणालो.

"मग मला नकार लिहावा लागेल."

"लिहा."

आईने मला विचारलं, काय म्हणतात? मी मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "चहा घेऊन जा म्हणावं." ते चहा घेऊन गेले. जाताना त्यांनी आलेख चिमट्यातून सोडवला, घडी घालून पिशवीत ठेवला. चुकांच्या याद्या दोरीवरच राहिल्या.

सोमवारपासून ऑफिसात हजर राहावं, असं पत्र आलं. मी राजीनामा दिला आणि नियमाप्रमाणे नोटिशीचा महिना पेरुंगुडीत काढला. त्या महिन्यात बायकोने सुट्टी घेऊन आईचं केलं. ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मी खणाच्या भिंतीला पानं लावून, उभा राहून, हात पाठीमागे घेऊन वाचलं, पूर्ण महिना. ऑफिसातल्या मशीनवर ते सॉफ्टवेअर नव्हतं. जागेवर दिसणारा माणूस काम करतो, हे तिथे गृहीत होतं. शेजारचा मुलगा एकदा म्हणाला, "सार, राजीनामा दिलात म्हणून आता घाबरत नाही का?" मी त्याला पेन्सिलीचं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि हेडफोन लावला.

नोकरीबरोबर भविष्यनिर्वाह निधी गेला, आजारपणाचा विमा गेला, कंपनीची बस गेली, दिवाळीचा मिठाईचा डबाही गेला. बायकोने यातली एकही गोष्ट बोलून दाखवली नाही. पहिल्या महिन्याच्या शेवटी ती एवढंच म्हणाली, "आता निदान घरी आहेस तो कोणाला विचारून नाहीस." ते कौतुक होतं की टोमणा, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

अहवालांचा हंगाम सुरू झाला तसा विभागप्रमुखांचा फोन आला.

"सार, पानं खूप आहेत आणि माणसं कमी. बाहेरून काम घ्याल? पानाप्रमाणे."

"घरून करीन."

"कुठून करता ते आता माझ्या कक्षेत येत नाही. तुम्ही कर्मचारी नाही."

"आणि ते सॉफ्टवेअर?"

"ते कर्मचाऱ्यांसाठी आहे, सार." ते म्हणाले. "बाहेरच्यांची फक्त पानं बघतो आम्ही. बरोबर आहेत की नाहीत, एवढंच."

तीच कंपनी, तेच अहवाल, तीच खोली, तोच माणूस. मी त्यांचा होतो तोवर माझे हात मोजले जात होते. त्यांचा राहिलो नाही तेव्हा माझं काम बघायला त्यांना वेळ मिळाला. मी हे त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "सार, पहिला अहवाल संध्याकाळपर्यंत पाठवतो."

आईचं प्लास्टर तोवर निघालं होतं. ती वॉकर धरून खोलीभर चालायची, माझ्या उलट दिशेने. दोरीपाशी आमची गाठ पडली की मी थांबून तिला वाट द्यायचो. ती म्हणाली, "या खेपेला काय कारण सांगितलंस त्यांना?"

"विचारलंच नाही त्यांनी."

"मग आधी कशाला विचारत होते?"

हा प्रश्न मी इंग्रजीत करून विभागप्रमुखांना पाठवला. खाली लिहिलं, प्रश्न माझ्या आईचा आहे. उत्तर आलं नाही, अहवाल आला. मी पानं छापली, पहिल्या भिंतीपासून दोरीला लावली आणि पेन्सिल आईच्या हातात दिली. मग हात पाठीमागे घेतले आणि पहिल्या पानाच्या डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून वाचायला सुरुवात केली.